मेंदूचे कार्य आणि माणसाचा प्रतिसाद



बुलढाणा आणि खामगाव यांच्यामधील डोंगररांगांत ज्ञानगंगा अभयारण्य पसरले आहे. अस्वलांचे वसतिस्थान म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्याच्या कडेला ज्यांची शेते आहेत, त्यांना रानातील जनावरांचे भय आणि रात्रीची जागल नवीन नाही. अशाच एखाद्या गावातील तीन माणसे दिवेलागणीच्या सुमारास धुऱ्याने घराकडे परतत आहेत, असे क्षणभर समजू या. शेजारच्या झुडपात एकाएकी खसखस होते. पहिला माणूस जागच्या जागी थिजतो. दुसरा डोक्यावरचा भारा टाकून पळत सुटतो. तिसरा आरोळी ठोकून काठी जमिनीवर आपटतो. थोड्या वेळाने झुडपातून गावातलीच एक शेळी बाहेर येते आणि तिघेही हसू लागतात.

प्रसंग साधा आहे. परंतु त्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. तिघांच्या कानांवर पडलेला आवाज एकच होता. वेळ एक, वाट एक. मग प्रतिसाद तीन का झाले? लोकव्यवहारात याचे उत्तर चटकन दिले जाते. एक भित्रा, दुसरा घाबरट आणि तिसरा धीट, असे म्हणून आपण मोकळे होतो. मेंदूविषयी आज उपलब्ध असलेले ज्ञान मात्र इतक्या घाईने निकाल देऊ देत नाही. माणसाचा प्रतिसाद हा मेंदूच्या निरनिराळ्या विभागांनी मिळून केलेल्या कामाचे फलित असतो. हे काम कसे चालते, ते कोठे बिघडते आणि त्या बिघाडाकडे गावाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

दीड शेरापेक्षा कमी वजनाचा कारभारी

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारणपणे १,३०० ते १,४०० ग्रॅम असते. शरीराच्या एकूण वजनाचा तो सुमारे दोन टक्के भाग आहे. परंतु विश्रांतीच्या स्थितीत शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो. त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि प्रत्येक चेतापेशी इतर हजारो पेशींशी जोडलेली असू शकते.

शालेय पाठ्यपुस्तकांतून मेंदूचे तीन मुख्य भाग सर्वांना परिचित आहेत. प्रमस्तिष्क म्हणजे मोठा मेंदू, अनुमस्तिष्क म्हणजे लहान मेंदू आणि खाली मेरुरज्जूला जोडणारा मस्तिष्कस्तंभ. श्वासोच्छ्वास आणि हृदयाची गती यांवर मस्तिष्कस्तंभाचे नियंत्रण असते. शरीराचा तोल आणि हालचालींचा मेळ अनुमस्तिष्क सांभाळते. मोठ्या मेंदूच्या दोन अर्धगोलांत प्रत्येकी चार प्रमुख खंड आहेत. डोक्याच्या मागील बाजूस असलेल्या खंडात डोळ्यांकडून आलेली माहिती उलगडली जाते. कानांच्या वर असलेल्या शंखखंडात ध्वनी ओळखला जातो. माथ्याकडील पार्श्वखंडात स्पर्श आणि शरीराच्या स्थितीची जाणीव होते. कपाळाच्या मागे असलेल्या अग्रखंडात हालचालीचा आदेश, योजना, संयम आणि निर्णय ही कामे चालतात.

आवाजाचा प्रवास

आता धुऱ्यावरील त्या आवाजाकडे पुन्हा वळू. कानाने टिपलेला ध्वनी चेतातंतूंच्या मार्गाने मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसपर्यंत पोहोचतो. तहसील कचेरीत आलेला टपाल जसा आवक विभागातून निरनिराळ्या मेजांवर जातो, तसे थॅलॅमसचे काम चालते. येथून ध्वनीची बातमी शंखखंडाकडे जाते आणि तेथे तिची सविस्तर छाननी होते. खसखस कशाची? पाय किती? जनावर मोठे की लहान?

परंतु शंखखंडाच्या आतील बाजूस बदामाच्या आकाराचा एक लहानसा पेशीसमूह आहे. त्याला ॲमिग्डाला म्हणतात. धोक्याची चाहूल घेणे हे त्याचे एक महत्त्वाचे काम. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दाखवून दिले की, ध्वनीची बातमी थॅलॅमसकडून ॲमिग्डालाकडे थेट जवळच्या वाटेनेही पोहोचते. ही बातमी अर्धवट असते, पण लवकर येते. ॲमिग्डाला छाननीची वाट पाहत नाही. ते हायपोथॅलॅमसला इशारा देते, वृक्कांवरील ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन स्रवू लागते, छाती धडधडते, हातापायांच्या स्नायूंकडे रक्त धावते. माणूस थिजतो, पळतो किंवा उलट उभा राहतो. आपण काय केले, हे त्याला पुष्कळदा नंतर कळते.

दरम्यान आणखी दोन विभाग कामाला लागलेले असतात. हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग जुनी नोंद काढतो. याच वाटेवर पूर्वी काय घडले होते? अग्रखंडाचा पुढील भाग सर्व बातम्या एकत्र करतो आणि ॲमिग्डालाच्या घाईला आवर घालतो. शेळी दिसताच हसू फुटते, ते याच आवरामुळे.

तिघांच्या प्रतिसादांतील भेद येथे स्पष्ट होतो. थिजलेल्या माणसाने कदाचित पूर्वी अस्वलाचा हल्ला जवळून पाहिला असेल. पळणारा दोन रात्री जागलीमुळे झोपलेला नसेल, आणि अपुऱ्या झोपेमुळे अग्रखंडाचा अंमल सैल होतो. काठी आपटणाऱ्याने लहानपणापासून आपल्या वडिलांना तसेच करताना पाहिले असेल, आणि वारंवार केलेली कृती मेंदूच्या तळाशी असलेल्या चेतापेशींच्या गाठींत सवय होऊन बसते. जन्मजात घडण, अनुभव, शिकवण आणि त्या दिवशीची शरीराची अवस्था या चारही गोष्टी प्रतिसादात मिसळलेल्या असतात. भित्रा किंवा धीट हा शिक्का यांतील एकही गोष्ट सांगत नाही.

हे ज्ञान मिळाले कसे

मेंदूच्या विभागांची कामे माणसाला प्रामुख्याने आजारांनी आणि अपघातांनी शिकवली. १८६१ मध्ये पॅरिसमधील डॉक्टर पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण आला. त्याला बोललेले समजत असे, परंतु स्वतः ‘टॅन’ या एका उच्चारापलीकडे त्याला फारसे बोलता येत नसे. त्याच्या मृत्यूनंतर तपासणी केली, तेव्हा डाव्या अग्रखंडाचा एक भाग खराब झालेला आढळला. १८७४ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकारच्या रुग्णांचे वर्णन केले. ते अस्खलित बोलत, पण त्यांच्या बोलण्यात अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना उमगत नसे. त्यांचा दोष डाव्या शंखखंडात होता.

१८४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील व्हर्माँट येथे रेल्वेमार्गाच्या कामावर सुरुंग उडून फिनियस गेज या मुकादमाच्या डाव्या गालातून शिरलेली लोखंडी पहार डोक्यातून बाहेर पडली. तो वाचला. त्याची वाचा आणि स्मृती शाबूत राहिली, परंतु समंजस आणि कामसू म्हणून ओळखला जाणारा तो मुकादम उतावळा आणि शिवराळ झाल्याचे त्याच्या डॉक्टरांनी नोंदवले. संयमाचा अग्रखंडाशी संबंध आहे, हा विचार त्या घटनेने पुढे आला. मात्र याच गेजने पुढे चिली देशात अनेक घोड्यांच्या गाड्या हाकण्याचे काम काही वर्षे केले, हेही विसरता कामा नये. मेंदूला झालेल्या इजेनंतरही नियमित काम आणि आधार मिळाल्यास माणूस पुष्कळ सावरू शकतो.

१९५३ मध्ये अमेरिकेतील हेन्री मोलेझन या तरुणावर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढण्यात आला. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याला नवीन घटना आठवणीत ठेवता आल्या नाहीत. तरीही आरशात पाहून चित्र गिरवण्याचे कौशल्य तो सरावाने शिकला. आपण हे पूर्वी केले आहे, याचे मात्र त्याला स्मरण नसे. घटनेची स्मृती आणि हाताची स्मृती वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, हे त्यामुळे कळले. वर्गात पाठांतरात मागे पडणारा मुलगा सुतारकामात किंवा खेळात पुढे असतो, तेव्हा शिक्षकांनी हे उदाहरण आठवावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मेंदूचे विभाग म्हणजे भिंती घातलेल्या खोल्या नव्हेत. प्रत्येक कामात अनेक विभाग एकमेकांशी सल्लामसलत करीत असतात. अमुक माणूस ‘डाव्या मेंदूचा’ आणि तमुक ‘उजव्या मेंदूचा’, असे जे सर्रास बोलले जाते, त्याला शास्त्राचा आधार नाही.

बिघाड आणि त्याची रूपे

चेतापेशींचा परस्परांशी व्यवहार सूक्ष्म विद्युतसंदेशांनी चालतो. काही वेळा एखाद्या विभागातील पुष्कळ पेशी एकाच वेळी, गरज नसताना, संदेश सोडू लागतात. यालाच अपस्माराचा झटका म्हणतात. लोकभाषेत त्याला फिट किंवा मिरगी हे शब्द आहेत. झटका मेंदूच्या कोणत्या विभागात उद्भवला, यावर त्याचे रूप ठरते. हालचालींच्या भागात उद्भवला तर हात किंवा पाय आचके देतो. दृष्टीच्या भागात उद्भवला तर डोळ्यांपुढे प्रकाश चमकतो. शंखखंडात उद्भवला तर प्रकार चमत्कारिक असतो. नसलेला वास येतो, एकाएकी विलक्षण भय वाटते, माणूस शून्यात पाहतो, ओठ चाटतो, कपडे चाचपतो, असंबद्ध बोलतो आणि नंतर त्याला काही आठवत नाही. कॅनडातील शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड यांनी जाग्या असलेल्या अपस्माराच्या रुग्णांच्या शंखखंडाला सौम्य विद्युतस्पर्श केला, तेव्हा त्यांतील काहींना गाणी ऐकू आली, तर काहींना जुने प्रसंग डोळ्यांपुढे दिसले. खोलीत गाणारे कोणी नव्हते.

छिन्नमनस्कता या आजारात रुग्णाला जे आवाज ऐकू येतात, त्यांचे मूळही असेच आत असते. असे आवाज ऐकू येत असताना भाषा आणि श्रवण यांच्याशी संबंधित विभाग सक्रिय असतात, असे मेंदूच्या प्रतिमांतून आढळून आले आहे. रुग्ण ढोंग करीत नसतो. त्याच्या मेंदूच्या दृष्टीने तो आवाज खराच असतो.

सैलानीची वाट

बुलढाणा जिल्ह्यात या विषयाचे महत्त्व विशेष आहे. पिंपळगाव सराईजवळील सैलानी बाबांच्या दर्ग्याला सर्व जातिधर्मांचे लोक येतात. होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्रातून आणि परराज्यांतूनही अनेक कुटुंबे आपल्या आजारी माणसाला घेऊन तेथे येतात. घरातील सून एकाएकी घुमू लागली, कमावता मुलगा स्वतःशी बोलू लागला, लेक पडून तोंडाला फेस आला, तर ‘बाहेरची बाधा’ झाली असे समजून ही वाट धरली जाते.

या माणसांची थट्टा करणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. ज्या कुटुंबाला दुसरीकडे कोणी विचारले नाही, त्याला तेथे निवारा मिळतो. आपल्यासारखे दुसरेही आहेत हे दिसते, आणि आशा मिळते. धीर मिळाल्याने ॲमिग्डालाची धास्ती ओसरते, हेही शास्त्राला मान्य आहे. परंतु धीर वेगळा आणि उपचार वेगळा. अपस्माराच्या झटक्यांना किंवा छिन्नमनस्कतेला औषध हवे असते, आणि ते जितके लवकर मिळेल तितके हिताचे असते. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात याच विचाराने ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम उभा राहिला. श्रद्धेने आलेल्या माणसाला तेथेच मानसोपचारतज्ज्ञाची भेट आणि औषध मिळू लागले. श्रद्धा न दुखवता उपचार करता येतात, हे त्यावरून दिसते.

याच्या उलट काय होऊ शकते, तेही देशाने पाहिले आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रमवजा जागेला आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही आणि २८ जणांचा मृत्यू झाला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मनोरुग्णाला कोणत्याही रीतीने साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. भूत उतरवण्याच्या निमित्ताने दोराने वा साखळीने बांधून मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाखाली गुन्हा आहे.

गावाच्या हाती असलेले काम

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांतील सुमारे ७० टक्के लोक झटक्यांशिवाय जगू शकतात. म्हणजे दहांपैकी सात. ही सात माणसे शाळेत शिकू शकतात, कापूस वेचू शकतात, संसार करू शकतात. अपस्माराच्या कारणावरून विवाह अवैध ठरवण्याची हिंदू विवाह अधिनियमातील तरतूदही १९९९ मध्ये काढून टाकण्यात आली. गैरसमज मात्र कायद्याइतक्या लवकर दुरुस्त होत नाहीत.

वर्गात एखाद्या मुलाला फिट आली, तर शिक्षकांनी काय करावे? मुलाला एका कुशीवर वळवावे. डोक्याखाली मऊ कापड ठेवावे. गळ्याजवळचे कपडे सैल करावेत. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. हातपाय दाबून धरू नयेत. घड्याळाकडे पाहावे, आणि झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला किंवा शुद्ध न येताच दुसरा आला, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. जो मुलगा वर्गात दिवसातून अनेकदा काही सेकंद शून्यात पाहतो आणि हाकेला ओ देत नाही, तो दुर्लक्ष करीत आहे असे समजून त्याला शिक्षा करण्यापूर्वी त्याच्या पालकांना आरोग्य केंद्रात पाठवावे. तोही अपस्माराचा एक प्रकार असू शकतो.

ग्रामपंचायतीचा या विषयाशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. डुकरांतील फीतकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पसरतात आणि दूषित पाण्याने किंवा न धुतलेल्या भाजीपाल्याने पोटात जातात. तेथून अळ्या मेंदूत जाऊन बसल्या, की फिट येऊ लागते. मांस न खाणाऱ्यालाही हा आजार होतो. शौचालयाचा वापर, शुद्ध पाणी आणि मोकाट डुकरांचा बंदोबस्त ही ग्रामपंचायतीची कामे म्हणजे मेंदूच्याच संरक्षणाची कामे आहेत. सुरक्षित बाळंतपण, बालकांच्या तापावर वेळेवर उपचार, आयोडीनयुक्त मीठ आणि दुचाकीवर शिरस्त्राण यांचेही तसेच आहे.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला आणि १९९६ पासून तो जिल्हा कार्यक्रमाच्या रूपाने जिल्ह्यांपर्यंत आणण्यास सुरुवात झाली. विदर्भासाठी नागपूर येथे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक शाळेच्या फलकावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि यात्रेच्या वाटेवर लिहिलेला असावा. त्याला फारसा खर्च येत नाही.

दुसरा प्रतिसाद

अखेरीस एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. गावात कोणी पडून आचके देऊ लागतो, कोणी असंबद्ध बोलू लागतो, तेव्हा बिघडलेला मेंदू एकच असतो. पण कामाला लागलेले मेंदू अनेक असतात. भोवती जमलेल्या प्रत्येकाच्या मेंदूत तोच जवळच्या वाटेचा इशारा वाजतो. कोणी थिजतो, कोणी दूर पळतो, कोणी काठी उचलतो. हा पहिला प्रतिसाद कोणाच्या हातचा नाही आणि त्याबद्दल कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण अग्रखंडाची वाट थोडी लांबची असली, तरी ती प्रत्येकाजवळ आहे. तिला शिकवण देता येते, सराव देता येतो. ज्या शाळेत शिक्षकांनी एकदा शांतपणे मुलाला कुशीवर वळवून दाखवले, त्या वर्गातील चाळीस मुलांच्या मेंदूंत तो प्रतिसाद नोंदला जातो. ज्या गावात सरपंचांनी भगताच्या आधी आरोग्यसेविकेला बोलावले, तेथे पुढच्या वेळी दुसऱ्याचीही पावले त्याच दिशेने वळतात.

झुडपात खसखस झाली की दचकणे स्वाभाविक आहे. बाहेर आली ती शेळी आहे, हे दिसल्यावरही काठी उगारलेलीच ठेवणे मात्र योग्य नव्हे. बाधा म्हणून ज्याला भ्यायलो, तो आपल्यातलाच एक आजारी माणूस आहे, एवढे ओळखण्याइतका वेळ प्रत्येक गावाने स्वतःला द्यावा.